गुरं वळणारा कुत्रा कसा घडवावा

१८३० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये टॉमस हॉल या पशुपालकापुढे एक रोकडी अडचण होती. हंटर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या डार्टब्रुकपासून बाजारापर्यंत गुरं चालवत न्यायची म्हणजे कित्येक दिवसांची वाट. कुंपणं नाहीत, ऊन करपवणारं, जनावरं अर्धी रानटी. इंग्लंडहून आलेले कुत्रे त्या हवेत आणि त्या अंतरात टिकेनात. हॉल यांनी नॉर्थम्बरलंड भागातले गुरं हाकणारे कुत्रे आणि ऑस्ट्रेलियाचा जंगली कुत्रा डिंगो यांचा संकर केला. त्यातून निपजलेलं जनावर काटक होतं, आवाज न करता मागून येई, गुराच्या टाचेला हलकेच दात लावी आणि लाथ येण्याआधी जमिनीला चिकटे. १८७० मध्ये हॉल वारले, तोवर हे कुत्रे बहुतांशी त्यांच्या कुटुंबाच्या गुरांमागेच राहिले. आज जगभर ओळखला जाणारा ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग, ज्याला ब्लू हीलरही म्हणतात, तो याच वंशाचा. व्हिक्टोरिया प्रांतातल्या रॉचेस्टर गावचा ब्लूई नावाचा या जातीचा कुत्रा १९१० ते १९३९, म्हणजे २९ वर्षं ५ महिने जगला आणि त्यातली जवळपास २० वर्षं गुरामेंढरांमागे काम करत होता, अशी नोंद आहे.

असा कुत्रा कामावर पाहिला की नवख्या माणसाची नजर त्याच्या धावण्यावर खिळते. जाणकार मात्र तो कुठे थांबतो ते बघतो. गुरांमागे पळणं कुठल्याही कुत्र्याला शिकवावं लागत नाही. नेमक्या ठिकाणी थांबणं, जनावर वळलं की मागे सरणं, मालकाचा शब्द आला की ऐन रंगात आलेला खेळ सोडून परत येणं, हे शिकवावं लागतं. सगळा अभ्यासक्रम यातच सामावलेला आहे.

हे समजण्यासाठी आधी गाय समजून घ्यावी लागते. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला जवळपास सगळीकडचं दिसतं. थेट पाठीमागचा एक चिंचोळा भाग तेवढा दिसत नाही. तिच्याभोवती एक अदृश्य रिंगण असतं. परकं कुणी त्या रिंगणात शिरलं की ती सरकते, बाहेर गेलं की थांबते. माणसाच्या हाताला सरावलेल्या दावणीच्या गाईचं रिंगण जवळपास शून्य असतं, तर मोकळ्या कुरणावर वाढलेल्या जनावराचं कित्येक मीटरचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन यांनी गुरांच्या या वागण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि तो कत्तलखान्यांपासून कुरणांपर्यंत सगळीकडे वापरात आणला. त्यांनी ठसवलेली दुसरी गोष्ट म्हणजे जनावराचा खांदा. खांद्याच्या मागून दाब आला तर ते पुढे जातं, पुढून आला तर मागे फिरतं किंवा वळतं. कुत्रा हाच दाब निर्माण करतो. तो रिंगणाच्या काठावर आला की गाय विचार करू लागते, एक पाऊल आत टाकलं की चालू लागते. ती चालू लागताच कुत्र्यानं दाब सैल केला नाही, तर तिला कळतच नाही की आपण बरोबर वागलो. मग ती धावते, नाहीतर उलटून अंगावर येते.

कुत्र्याकडे हे कसब येतं कुठून? लांडग्याच्या शिकारीत नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, चावा आणि ठार मारणं अशा पायऱ्या असतात. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत पहिल्या पायऱ्या धारदार केल्या आणि शेवटच्या बोथट. बॉर्डर कोलीमध्ये नजर आणि दबकणं इतकं पुढे गेलं आहे की तो डोळ्यांनीच कळप हलवतो. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. ऑस्ट्रेलियाची केल्पी ही कळप दूरवरून गोळा करून आणण्यात तरबेज. हीलर मागून टाचेला धरणारा. वेल्समधली बुटकी कॉर्गीसुद्धा मुळात गुरं हाकणारीच, आणि तिची उंची हेच तिचं संरक्षण. जात कुठलीही असो, पिल्लाचे आईबाप स्वतः गुरांमागे काम करणारे असावेत. प्रदर्शनात पदकं मिळवणाऱ्या घराण्यातलं पिल्लू देखणं असेल, पण ६०० किलोचा बैल मान खाली घालून समोर उभा राहिला की पदकांचा उपयोग होत नाही. तिथे लागतो तो धीर. मेंढरांमागे उत्तम काम करणारे कित्येक कुत्रे गुरांसमोर कच खातात, म्हणून आईबाप मेंढरांवरचे की गुरांवरचे हा प्रश्नही आवर्जून विचारावा.

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झाल्यावर घरी आणावं. पुढचे काही महिने गुरांशी थेट संबंध नको. या काळात त्याला माणसं, ट्रॅक्टर, मोटरसायकल, पाणी, कोंबड्या, गोठ्याचा वास, सगळ्याची ओळख व्हावी. नाव घेतलं की येणं, साखळीला न ओढता चालणं, बांधून ठेवल्यावर शांत बसणं आणि थांबणं, एवढंच शिकवावं. थांबण्याचा शब्द रोजच्या व्यवहारात पेरायचा असतो. फाटक उघडण्याआधी थांब, ताट ठेवताना थांब, खेळात चेंडूमागे धावताना मध्येच थांब. पळतं पिल्लू या एका शब्दावर जागच्या जागी उभं राहू लागलं की निम्मा गड सर झाला. मेंढरांचे कुत्रे बहुधा जमिनीवर बसवले जातात. गुरांसाठी मात्र पुष्कळ जाणकार कुत्र्याला उभंच थांबवतात, कारण बसलेल्या कुत्र्याचा गुरावरचा वचक कमी होतो आणि गाय धावून आली तर त्याला वेळेत सटकता येत नाही.

याच वयात एक चूक फार महागात पडते. पिल्लू कुंपणाखालून सटकून वासरांना पळवतं, घरातली पोरं हसतात, कुणी त्याचा व्हिडिओ काढतं. तेवढ्यात पिल्लू दोन धडे शिकून मोकळं होतं: पळवण्यात मजा आहे, आणि माणसाची गरज नाही. किंवा उलट घडतं. एखादी मारकी गाय त्याला उडवते आणि ते जन्मभर गुरांना घाबरतं. म्हणून देखरेख नसेल तेव्हा काम करणारा कुत्रा बांधलेला किंवा पिंजऱ्यात असावा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये असे कुत्रे मोकाट सोडत नाहीत. काम नसेल तेव्हा ते आपापल्या खोपट्याशी बांधलेले असतात, आणि त्यात तिथल्या पशुपालकांना क्रूरपणा वाटत नाही, कारण रोज धावायला भरपूर मिळतं.

गुरांशी पहिली गाठ साधारण आठ ते बारा महिन्यांच्या वयात घालावी. कुत्र्याला गुरापेक्षा जोरात पळता आलं पाहिजे. वळसा घालून पुढे जाता आलं नाही तर तो फक्त मागे लागायला शिकतो. तालमीसाठी दूध तुटलेली, मध्यम वयाची चार-सहा वासरं निवडावीत. ती आधी एखाद्या जाणत्या कुत्र्याच्या सवयीची असली तर सोन्याहून पिवळं. एकटं वासरू कधीही घेऊ नये, कारण कळपापासून तुटलेलं जनावर घाबरून कुंपण तोडतं किंवा अंगावर येतं. जागा पंचवीस-तीस मीटर रुंदीची, शक्यतो कोपरे नसलेली. कोपऱ्यात वासरं अडली की नवशिका कुत्रा घुसून चावतो. गळ्यात पाच-सात मीटरची हलकी दोरी जमिनीवर लोळती राहू द्यावी, पण तिच्या टोकाला फास किंवा गाठ नको, नाहीतर ती खुरात अडकते.

आता माणूस कुठे उभा राहतो यावर सगळं ठरतं. त्यानं वासरांजवळ राहावं आणि कुत्र्याला कडेनं फिरू द्यावं. जातिवंत कुत्रा थोड्याच वेळात आपणहून वासरांच्या पलीकडे, माणसाच्या बरोबर समोर जाऊन उभा राहतो. घड्याळाच्या तबकडीवर माणूस सहावर असेल तर कुत्रा बारावर, गुरं मध्ये. माणूस मागे सरकला की कुत्रा गुरं त्याच्याकडे आणतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. शिकवणाऱ्याचं काम एवढंच की तो त्या जागी आला की ‘थांब’ म्हणायचं आणि तो थांबला की लगेच पुन्हा काम करू द्यायचं. या टप्प्यावर बिस्किटाचा तुकडा निरुपयोगी ठरतो. कुत्र्याच्या लेखी गुरांपर्यंत पोचणं हेच बक्षीस असतं. तसंच शिक्षाही मारण्याची नाही. तो घुसला, शेपटी धरून लोंबकळला, ऐकेनासा झाला, तर माणसानं त्याच्या आणि गुरांच्या मध्ये यावं, त्याला मागे रेटावं आणि शांत झाल्यावरच पुन्हा जाऊ द्यावं. हातातली काठी किंवा झेंडा हात लांबवण्यापुरता असतो. काठीचा मार खाल्लेला कुत्रा माणसाकडे बघत राहतो, आणि गुरांवरून नजर हटलेला कुत्रा लाथ खातो.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. जीभ लांब लोंबायला लागली, वळसे आखूड व्हायला लागले, की थांबावं. थकलेला कुत्रा चुका करतो आणि त्या चुकांचीच सवय होते. वासरांनाही विसावा लागतो.

मग हळूहळू शब्द येतात. इंग्रज मेंढपाळांच्या परंपरेत घड्याळाच्या दिशेनं वळसा घालायला ‘कम बाय’ आणि उलट दिशेला ‘अवे’ म्हणतात, पुढे सरकायला ‘वॉक अप’ आणि काम संपलं की ‘दॅट विल डू’. हेच शब्द वापरायचं बंधन नाही. मराठीतही चालतात, अट एवढीच की ते आखूड असावेत, एकमेकांसारखे वाजू नयेत आणि घरात सगळ्यांनी तेच वापरावेत. आधी शब्द उच्चारून मग कुत्र्याला पाठवायचं नाही. कुत्रा आपणहून डावीकडे निघाला की त्या क्षणी डावीकडचा शब्द द्यायचा. शब्द आणि हालचाल यांची गाठ अशी बांधली जाते. लांबवरच्या कामासाठी शिट्टी बरी, कारण शिट्टीत माणसाचा राग उतरत नाही. ओरडणं हा या कामातला सर्वांत मोठा अडथळा आहे. माणूस ओरडला की गुरं बुजतात आणि कुत्रा उतावीळ होतो. आपण वैतागलो आहोत असं जाणवलं तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवणं उत्तम.

गोळा करून आणणं जमलं की पुढे हाकणं शिकवतात. ते कुत्र्याला अवघड जातं, कारण आता त्याला माणसाच्या समोर न जाता माणसाच्याच बाजूनं राहून गुरं दूर न्यायची असतात आणि त्याची सगळी उपजत बुद्धी त्याला पलीकडे जायला सांगत असते. त्यानंतर लांबचा वळसा, फाटकातून गुरं घालणं, एखादं जनावर वेगळं काढणं. उपयोगाला येईल असा कुत्रा तयार व्हायला वर्षभर लागतं, मुरायला आणखी वर्ष-दोन वर्षं.

चाव्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मेंढरांमागचा कुत्रा चावला तर तो नापास. गुरांमागच्या कुत्र्याला मात्र चावता यावंच लागतं, पण कधी, कुठे आणि किती याला कडक शिस्त आहे. जागा दोनच: समोरून अडवून उभ्या राहिलेल्या जनावराचं नाक आणि मागून न हलणाऱ्या जनावराची टाच. टाचेचा चावा खुराच्या वरच्या भागात, शक्य तितका खाली. चांगला हीलर ज्या पायावर वजन आहे तोच पाय धरतो, कारण त्या पायानं लगेच लाथ मारता येत नाही, आणि धरून सोडताच तो खाली दबतो. मांडी, कास, शेपटी, कान यांना दात लागता कामा नये. आणि मुख्य म्हणजे जनावर वळलं की चावा बंद. गाय मान खाली घालून उभी राहिली, कुत्रा डगमगला नाही, तिनं तोंड फिरवलं आणि त्याच क्षणी कुत्रा थबकला, तर गाय शिकली की वळलं की सुटका होते. पुढच्या वेळी चाव्याची वेळच येत नाही. उलट वळलेल्या गाईलाही चावत सुटणारा कुत्रा सगळा कळप बिघडवतो. मग गुरं कुत्रा दिसताच उलटतात आणि दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याला तिथे काम करता येत नाही. गुरांचंही शिक्षण असतं ते असं. उत्तर ऑस्ट्रेलियात दूध तोडलेल्या वासरांना काही दिवस वाड्यात ठेवून माणूस, घोडा आणि कुत्रा यांची शांतपणे सवय लावतात. ती वासरं मोठेपणी हाताळायला सोपी जातात.

उत्तर ऑस्ट्रेलियाच्या त्या कळपांशी भारताचं एक नातंही आहे. तिथली बहुसंख्य गुरं वशिंडाच्या ब्राह्मण जातीची किंवा तिच्या संकराची आहेत. १९३३ मध्ये ती अमेरिकेतून क्वीन्सलंडला नेली गेली, आणि अमेरिकेत ती गीर, ओंगोल, कांकरेज यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्यातल्या गुरांपासूनही घडली होती. ही जनावरं चपळ आणि सावध असतात. त्यांना शांतपणे वळवणारा कुत्रा हवा, अंगावर धावणारा त्यांना खपत नाही.

काही ठिकाणी कुत्रा नेऊच नये. नुकत्याच व्यायलेल्या गाईजवळ तर अजिबात नको. कुत्रा दिसला की ती वासरासाठी धावते, कुत्रा जीव वाचवायला मालकाच्या पायाशी येतो आणि तिचा राग मालकावर निघतो. ब्रिटनमध्ये कुत्रा घेऊन कुरणातून जाणाऱ्या वाटसरूंचे अशा प्रसंगी जीव गेले आहेत. गाय अंगावर आलीच तर साखळी सोडून द्यावी. कुत्रा स्वतःला वाचवू शकतो.

दुभत्या गाईंमागे कुत्रा वापरताना हात आणखी आखडता हवा. धारेआधी घाबरलेल्या गाईच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि ते पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनला अटकाव करतं. शिवाय घाईनं हाकलेल्या गाईला पाऊल नीट टाकता येत नाही, खडी-दगडावर खूर दुखावतात आणि लंगडेपणा वाढतो. तिथे कुत्र्यानं दूर मागे राहून शेवटच्या गाईच्या चालीनं चालावं. हे ज्याला जमत नाही त्याला दुभत्या कळपामागे सोडू नये.

आरोग्याच्या बाबतीत काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. गोचीड आणि जंतांसाठी गुरांना दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कोली वर्गातल्या अनेक कुत्र्यांना जीवघेणं ठरू शकतं, कारण त्यांच्यात औषध मेंदूत जाण्यापासून रोखणारं जनुक सदोष असतं. रफ कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात हा दोष जास्त, बॉर्डर कोलीत कमी आढळतो. गुरांची उरलेली मात्रा कुत्र्याला टोचण्याचा मोह कुणीही करू नये, डॉक्टरांना विचारावं. कुत्र्याला गुराची वार, मेलेलं वासरू किंवा कच्ची आतडी-काळीज खाऊ देऊ नये. वारेतून त्याला निओस्पोरा या परजीवीची लागण होते, त्याची विष्ठा चाऱ्यात गेली की गाभण गाई गाभडतात. कच्च्या काळजा-फुफ्फुसातून येणारा पट्टकृमी माणसाच्या यकृतात गाठी करतो. जंतनाशक डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरावीक काळानं, रेबीजची लस दरवर्षी. दाट केसांच्या कुत्र्याला आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावरच काम द्यावं. हिरड्या गडद लाल झाल्या, चाल अडखळू लागली तर सावलीत नेऊन पोट आणि मांड्यांवर पाणी ओतावं, वारा घालावा आणि डॉक्टर गाठावा.

हे सगळं परवडतं का? सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन पशुपालकांच्या पाहणीवरून हिशेब मांडला. कामाच्या कुत्र्यावर आयुष्यभरात साधारण ७,७६३ डॉलर खर्च होतात आणि तो सुमारे ४०,००० डॉलरचं काम करतो, म्हणजे पाचपटीहून जास्त. मात्र हा हिशेब शेकडो-हजारो जनावरांच्या मोकळ्या कुरणांवरचा आहे. महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. इथला गुराखी हाकेनं आणि शिळेनं गुरं वळतो, त्याच्या जनावरांना माणसाचं भय नाही. मोकाट कुत्र्यांनी वासरं फाडल्याच्या घटना घडत असल्यामुळे आपल्या गाईला कुत्रा म्हणजे वैरीच वाटतो. धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारी कुत्री मोलाची आहेत, पण त्यांचं काम राखणीचं. लांडग्याला आणि चोराला अडवणारा कुत्रा मेंढरांत निवांत बसणारा हवा आणि वळणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात पाठलाग हवा. एकाच कुत्र्याकडून दोन्ही मागणं त्याच्यावर अन्याय आहे.

दावणीला चार-सहा गाई असलेल्या शेतकऱ्याला या कुत्र्याची गरज नाही. मुक्त गोठा, मोठं कुरण आणि चाळीस-पन्नास जनावरं असतील, रोज तासभर शांतपणे द्यायची तयारी असेल, तरच त्याचा विचार करावा. शहरातल्या सदनिकेत हौसेनं बॉर्डर कोली आणणाऱ्यांनी तर थांबावंच. काम न मिळालेला हा कुत्रा सायकली, मुलं, गाड्या वळू लागतो आणि शेवटी कुणाच्या तरी टाचेला दात लागतात. ज्यांना खरोखर असा कुत्रा घडवायचा आहे, त्यांनी पिल्लाचे पैसे मोजण्याआधी त्याच्या आईबापांना गुरांमागे काम करताना स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि ते हाकेसरशी थांबतात का, एवढं तपासून घ्यावं.